ते शेताला लागू आहे, आवाराला नाही

पप्पा, आपल्या चर्चच्या मंडळीच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर लेख मागितला आहे. सेक्रेटरी तरुण आहे, तुम्हाला त्याने पाहिलेलंही नाही. फोनवर म्हणाला, "ताई, तुमच्याशिवाय कोण लिहिणार? समितीने विषय दिलाय, फलद्रूप ख्रिस्ती जीवन. जुनी माणसं अजून पप्पांची साक्ष सांगतात हो. शनिवारपर्यंत द्या, प्रेसला जायचंय." मी हो म्हणाले. माणूस गेला की संध्याकाळच्या आत त्याच्यावर सहाशे शब्द लिहायचे, ही माझी पेपरातली अर्ध्या आयुष्याची नोकरी. ज्यांना ओळखतही नव्हते त्यांच्यावर लिहिलं, ज्यांचा राग होता त्यांच्यावरही लिहिलं, आणि कधी हात अडला नाही. तुमच्या बाबतीत विषयाचं नाव कागदावर लिहिलं आणि त्याच्याखाली पहिला शब्द आला, फाटक.

लोणावळ्याचं ते विश्रांतिगृह तुमच्या ताब्यात होतं तेव्हाची गोष्ट आहे. मिशनची माणसं उन्हाळ्यात तिथं येऊन राहायची, आणि त्यांच्या चादरींपासून पुडिंगपर्यंत सगळं तुमच्या नजरेखालून जायचं. मागच्या दोन खोल्यांत आपण राहायचो. आवाराला दोन वाटा होत्या. ऑफिसच्या बाजूचं लहान दार, आणि पुढचं मोठं फाटक. टायपिस्ट, शाळेतून हिशेबाला येणारे मास्तर, माळ्याचं कुटुंब, म्हणजे मंडळीतले सगळे, लहान दाराने जायचे. बाकीच्यांनी संध्याकाळी फाटकापाशी रांग लावायची आणि तुमच्यासमोर पिशव्या उघडायच्या. एवढी सोय तुम्ही किती सहज लावली होती! लहान दाराच्या लोकांना तुम्ही 'आपली माणसं' म्हणायचा आणि रांगेतल्यांना 'बाहेरचे'. यात काही चुकतंय असं तुमच्या चेहऱ्यावर मी एकदाही पाहिलं नाही. "पिशवी बघू," तुम्ही म्हणायचा, आवाज न चढवता, जसं "जरा मीठ द्या" म्हणावं तसं. खानसामे चाचा लोणावळ्यातलेच, त्यांच्या हातचं पुडिंग खाऊन गोरे पाहुणे चिठ्ठ्या लिहून जायचे. ते तुमच्यासमोर कोटाची बटणं सोडून उभे राहायचे. "बघा साहेब, नीट बघा. आत नुसती भूक आहे, ती घरचीच आहे." रांगेतल्या बायका तोंडावर पदर धरायच्या. तुम्ही हसायचा नाही. कोटाचे खिसे मात्र चाचपायचा.

स्वयंपाकघरात वरकामाला टाकव्याच्या मावशी होत्या. टाकवे बुद्रुकला घरची शेती, भात निघाला की वर्षाचा तांदूळ घरचा, पण हातात पैसा लागतो म्हणून कामाला यायच्या. सगळे तुम्हाला साहेब म्हणायचे, त्या भाऊ म्हणायच्या. तुम्ही एकदा त्यांना सांगितलंत, "इथं साहेब म्हणायचं." त्या म्हणाल्या, "बरं भाऊ." मला सुट्टी असली की मी त्यांच्याजवळ बसून लसूण सोलायची. मला रविवारचं पाठांतर असायचं, तेही त्यांनाच म्हणून दाखवायची, कारण चुकलं तरी त्या रागवायच्या नाहीत. उलट प्रश्न विचारायच्या, आणि त्यातले बरेच तुम्हाला विचारायला हवे होते.

त्या मे महिन्यात पाळकसाहेब गावाला गेले होते आणि उपासना तुम्ही घेतलीत. तुम्ही बोलायचा छान, हे मी स्मरणिकेतही लिहीन. त्या रविवारी तुम्ही जुन्या करारातला तो नियम वाचलात. शेत कापताना कडेपर्यंत कापू नका. मळ्यात जे फळ खाली पडेल ते वेचून घेऊ नका, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या. मग द्राक्षवेलाकडे वळलात. फांदी वेलात राहिली तरच तिला फळ येतं, आणि माणसाची पारख त्याच्या फळावरून होते. शेवटी म्हणालात, लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण त्यांच्याशी वागलो, तर सगळं नियमशास्त्र त्यात आलं. बायका डोळे पुसत होत्या. पहिल्या बाकावर बसून मीही ऐकत होते आणि मला तुमचा अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी लसूण सोलताना मी हे सगळं मावशींना सांगितलं. त्या आधी हसल्या. "खरंच आसं लिवलंय? पडल्यालं फळ उचलायचं न्हाई?"

"मालकाने नाही उचलायचं. गरिबाने न्यायचं."

"लय शाना हाय की तुमचा देव."

आवारात रायवळ आंब्याची झाडं होती. वाऱ्याने सकाळ-संध्याकाळ आंबे पडायचे. पाहुणे ते खायचे नाहीत, त्यांच्या दातात रेषा अडकायच्या. आपण तरी किती खाणार? माळी ते पाटीत भरून मागच्या खताच्या खड्ड्यात ओतायचा, हा तुमचाच हुकूम होता. एकाला दिलं की सगळे मागतील, असं तुम्ही आईला सांगितलं होतंत. उन्हात त्या खड्ड्याचा आंबूस गोड वास आपल्या खोल्यांपर्यंत यायचा आणि आई खिडकी लावून घ्यायची.

त्या संध्याकाळी मी फाटकाच्या कठड्यावर बसले होते. तुम्ही म्हणालात, "पिशवी बघू." मावशींनी पिशवी पुढे केली, लपवली नाही. वरती पदराचं जुनं फडकं, खाली आंबे. तुम्ही एकेक आंबा बाहेर काढून कठड्यावर माझ्या शेजारी मांडलात.

"हे कुठले?"

"झाडाखालचं."

"कुणाला विचारून घेतले?"

"आता ह्यात काय इचारायचं भाऊ? काल तुमीच सांगितलं म्हनं तुमच्या देवळात. पडल्यालं फळ गरिबाचं. तुमच्याच पुस्तकात हाय."

चाचा मागून म्हणाले, "साहेब, बाईने तर उपदेश मनावर घेतला." कुणीतरी फसकन हसलं. तुमचे कान लाल झाले. मला वाटलं होतं की तुम्हीही हसाल. मला खरंच तसं वाटलं होतं. सगळ्या मंडळीत त्या वचनाप्रमाणे कुणी पाऊल टाकलं असेल तर या एका बाईने, आणि ती मंडळीतलीही नव्हती. यापेक्षा मोठी पावती उपदेशकाला कुठली मिळायची? तुम्ही म्हणालात, "ते शेताला लागू आहे. हे संस्थेचं आवार आहे. आणि तुम्ही बाहेरच्या लोकांनी शास्त्राचे अर्थ लावू नयेत."

मावशींचा चेहरा तेव्हा बदलला. "बाहेरचं कोन? आमच्या सात पिढ्यांची हाडं ह्या मावळात हायती. तुमी कुटनं आलात?"

आपण नगरकडून आलो होतो, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

"न्हाई, सांगा की. उपरा कोन हितं, तुमी का मी? आन् रोज आमच्या पिशव्या बगता, आज तुमची दावा." त्यांनी तुमच्या काखेतल्या चामडी बॅगेकडे हात केला. ओढली नाही, नुसता हात पुढे केला, अगदी तुम्ही रोज करायचा तसा.

बॅग उघडली असतीत तर काय निघालं असतं? पवित्र शास्त्र, गीतपुस्तक, चष्म्याचं घर. मला ठाऊक आहे, आत संस्थेची एक टाचणी निघाली नसती. घरच्या पत्राला तिकीट लागलं तर तुम्ही स्वतःच्या खिशातून आणायचा. तुम्ही चोर असतात तर मला सोपं गेलं असतं, पप्पा. ढोंगी बापावर रागावणं फार सोपं असतं. तुम्ही निष्कलंक होता, आणि ती स्वच्छ बॅग क्षणभर उघडून दाखवणं तुम्हाला अपमान वाटला. जो अपमान तुम्ही रोज संध्याकाळी रांगेतल्यांचा करत होता, तोच. तो अपमान आहे हे तुम्हाला कळत होतं, याचा पुरावा मला त्या दिवशी मिळाला. त्याआधी मी समजत होते की तुम्हाला कळत नसेल.

"उद्यापासून येऊ नका," तुम्ही म्हणालात. मावशींनी रिकामी पिशवी झटकली, घडी करून कमरेला खोचली. "आंबं ऱ्हाऊ द्या भाऊ. ह्या पोरीला द्या तरी." तुम्ही माळ्याला हाक मारलीत आणि कठड्यावरचे आंबे सगळ्यांदेखत खड्ड्यात टाकायला लावलेत.

रात्रीच्या जेवणाला तुम्ही प्रार्थना केलीत. ज्यांच्या ताटात अन्न नाही त्यांची आठवण कर, हे वाक्य तुमच्या प्रार्थनेत नेहमीच असायचं, त्या रात्रीही होतं. आमेन झाल्यावर मी विचारलं, "मग ते वचन कुणासाठी आहे?" आईने माझ्या ताटात घाईने भात वाढला. तुम्ही म्हणालात, "तुझं काम पाठ करायचं आहे, प्रश्न विचारायचं नाही." पुढे मला पेपरात नोकरी लागली तेव्हा तुम्ही घड्याळ आणलंत. माझ्या मनगटावर स्वतः बांधलंत आणि म्हणालात, "मालकाचा वेळ चोरू नकोस." लेकीच्या पहिल्या नोकरीलाही तुम्हाला आधी चोरीच सुचली. तुमच्या जगात दोनच प्रकारची माणसं होती, ज्यांची झडती झाली ती आणि ज्यांची व्हायची राहिली ती.

मावशी पुढे कुसगावात एका हॉटेलात भांडी घासायला लागल्या, असं चाचांकडून कळलं. खूप वर्षांनी त्या मला कामशेतच्या बाजारात भेटल्या. मी ओळख दिली तर आधी माझा हातच धरला. "भाऊ बरं हायती का?" मी म्हटलं, बरे आहेत, आता उपदेश नाही करत, दम लागतो. त्या म्हणाल्या, "देवमानूस व्हता. पर आंब्याला लय भ्यायचा." आणि इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारची भाजीवाली वळून बघायला लागली. हे मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही त्यातला 'देवमाणूस' तेवढा ठेवून घेतला असतात.

लोक तुमची आठवण काढतात ती खोटी नाही. क्षयाने आजारी असलेल्या टायपिस्टच्या उशाशी तुम्ही रात्री काढल्या, जेव्हा त्याचे भाऊ दारात यायला तयार नव्हते. मिळकतीचा दशमांश मंडळीला द्यायचा कधी चुकवला नाहीत. मंडळीतल्या किती मुलांच्या फिया भरल्यात, तेही कुणाला कळू न देता. पण पप्पा, हे सगळं लहान दाराच्या आतलं आहे. आपल्या माणसांवर प्रेम तर कुणीही करतं, त्यात विशेष ते काय, असं आपला प्रभूच विचारतो. त्या प्रश्नावर तुमचा उपदेश मी कधी ऐकला नाही.

आता ते विश्रांतिगृह संस्थेने एका रिसॉर्टवाल्याला भाड्याने दिलं आहे. मी सोमाटण्याला राहते, गाडीने अर्ध्या तासावर, तरी इतक्या वर्षांत गेले नव्हते. गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला जावं लागलं. आंब्याची झाडं तोडून तिथं पोहण्याचा तलाव केला आहे. परत निघाले तेव्हा फाटकाशी सफाईच्या मुली ओळीत उभ्या होत्या आणि वॉचमन बॅटरीने त्यांच्या बॅगांत बघत होता. "चलो, चलो, खोलो." एका मुलीने त्याने सांगण्याआधीच चेन उघडून धरली होती आणि दुसऱ्या हाताने ती फोनवर भावाशी बोलत होती, भाजी काय आणू म्हणून. माझ्या खांद्यावर तिच्या बॅगेपेक्षा मोठी पर्स होती. त्याने मला सलाम केला. झाडं गेली, तुम्ही गेलात, मिशनची माणसं गेली, आणि टिकलं ते हे. फळावरून पारख होते ना? मग ही रांग तुमची आहे.

लेख मी लिहिला. क्षयाचा टायपिस्ट, फिया, तिकिटं, सगळं लिहिलं, आणि फाटकही लिहिलं, जसं झालं तसं, एकही विशेषण न लावता. सेक्रेटरीचा लगेच फोन आला. "ताई, फार सुंदर. फक्त तो आंब्यांचा भाग... जागेची जरा अडचण आहे." मी म्हटलं, छापायचं तर पूर्ण छापा. तो घुटमळला. मग म्हणाला, "मग असं करू. पूर्णच छापतो. लोक समजून घेतील ताई. त्या काळी असायचं असं. आपण क्षमा करणारी माणसं आहोत."

मी लेख परत मागून घेतला. त्याला काहीच कळेना, बिचारा सॉरी म्हणत राहिला. मी तब्येतीचं कारण दिलं. पण कारण ते नव्हतं. समिती घाबरेल, नको म्हणेल, याची माझी तयारी होती. सगळ्यांनी उपासनेनंतर चहाचे कप हातात घेऊन तो वाचावा, चुकचुकावं आणि तुम्हाला एका सकाळीत माफ करून टाकावं, याची नव्हती. ज्यांची पिशवी कधी कुणी उघडली नाही त्यांनी माफ करायचं?

हे पत्रही टेबलावरच राहणार आहे. रविवारी मी अजून देवळात जाते, पहिल्या बाकावर नाही, मधे कुठेतरी बसते. प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणते. आम्ही आपल्या ऋण्यांना सोडलं आहे, ती क्षमेची ओळ आली की ओठ हलवते, आवाज काढत नाही.