बारा पाकळ्यांची पृथ्वी

ती. भावोजींस,

दंडवत. (बसल्या बसल्याच घातला आहे, उठलो तर मशीनवरचा कोट घसरेल.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला गेला का? इकडे तब्येती ठणठणीत, पण मला जो धक्का बसलाय त्यातून मी अजून सावरलेलो नाही. भावोजी, चौतीस वर्षं तुम्ही भूगोल शिकवलात, आणि घरच्या माणसाला एका शब्दानं बोलला नाहीत?

झालं असं की पोरीला त्या उत्तरेकडच्या थंड मुलखात नोकरी लागली. शनिवारच्या आत होकार कळवायचा होता. हिनं (काजं करताना घेते तसा चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन) दुकानातल्या भिंतीवरच्या नकाशात तो मुलूख पाहिला आणि मटकन खालीच बसली. एवढ्या अवाढव्य मुलखात पोर हरवली तर शोधायची कुठं, म्हणाली, आणि आमच्याशी बोलणंच टाकलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. म्हणून तर तुमचा पृथ्वीगोल दोन दिवसांकरता मागून आणला. पाहतो तर काय, तोच मुलूख रुमालाएवढा! नकाशात त्याच्याच मापाचा दिसणारा, पृथ्वीच्या कंबरेवरचा एक गरम मुलूख गोलावर त्याच्या चौपट निघाला. मी टेप लावला, पुन्हा लावला, मग टेपच खोटा असेल म्हणून दुसरा लावला. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतोय, असा कधी फसलो नव्हतो.

पण हिचा गोलावर विश्वास बसेना. (खेळणं आहे ते, म्हणे, नकाशा कसा छापील!) मग म्हटलं, गोलावरूनच सपाट नकाशा उतरवून दाखवू. कागद लावला, वर ओलं फडकं ठेवलं, हलकी इस्त्री फिरवली आणि भावोजी, पृथ्वी सोलून निघाली! आत पुठ्ठ्याचा चेंडू आणि हातात कागदाच्या बारा पाकळ्या, आपण टोपीला कापतो तशा. टेबलावर मांडल्या, तर कंबरेपाशी एकमेकींना चिकटतात आणि वरखाली नुसत्या फटी. गोल अंगावर सपाट कापड बसवायला जास्तीचं कापड चिमटीत धरून टक्स घालावे लागतात, हे मी झोपेतही सांगेन. पण नकाशेवाल्यांनी उलटं केलं. टक्स उसवले आणि फटी बुजवायला कापड ताणलं! टोकाकडे फट मोठी, म्हणून तिथं जास्त ताणलं. आडवं ताणून देश बसके दिसायला लागले, म्हणून उभेही ताणले. गिऱ्हाइकाच्या पँटीत मी असली ताणाताणी केली असती तर दुकानाला टाळं लागलं असतं. आणि हे राजरोस शाळेच्या भिंतीवर!

ही उठून आली. फटींवरून बोट फिरवलं. "अहो, हे तर ताणलेलं आहे," एवढंच म्हणाली आणि पोरीला जवळ घेतलं. होकार गेला. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. (इस्त्रीची वाफ फार होती.)

ताईला नमस्कार.

तुमचा शिंपी मेव्हणा

ता. क. पृथ्वीगोल परत पाठवतोय. पाकळ्या खळीनं चिकटवल्या, पण वाळताना कागद आकसला आणि बोटभर फट राहिली. तिथं समुद्रच होता, म्हणून निळ्या अस्तराचा तुकडा लावलाय. निवृत्तीला वर्गानं दिलेली वस्तू, मला ठाऊक आहे. ती बाजू भिंतीकडे ठेवा.

आणखी एक ता. क. खरं काम पुढेच आहे. मुलूख रुमालाएवढाच म्हटल्यावर हीसुद्धा पोरीबरोबर निघालीय, चांगली सहा महिने. एवढ्याशा जागेत मी कशी हरवेन, म्हणते. दोघींचे जाड कोट मीच शिवतोय. भावोजी, तुमचा शब्द ही मोडत नाही. तेवढ्या चार ओळी लिहून कळवा, की भिंतीवरचा नकाशाच खरा आहे. पोरीपुरता नको, फक्त हिच्यापुरता.