मोजकं बोला, बारा मिनिटांत

१२ जानेवारी, सोमवार
सिलेक्शन झालं! सांगलीहून आयोजक संयोगिता मॅडमचा फोन आला. आठ फेब्रुवारीला माधवनगरच्या हॉलमध्ये 'प्रेरणा संगम'. वेगवेगळ्या क्षेत्रांतले वक्ते, प्रत्येकाला बारा मिनिटं, प्रत्येकाचा एक नवा विचार. त्यात मी, पृथ्वीराज डुबल. विषय 'मोजकं बोला'. मॅडम म्हणाल्या, तुमच्या अर्जाचं शीर्षक फार आवडलं. अर्ज सतरा पानांचा होता. नुसतं शीर्षक एवढं आवडलं तर आतलं किती आवडलं असेल!

आजपासून डायरी. रोज. फक्त स्वतःसाठी. थोडक्यात.

त्याच दिवशी, दुपारी
मंगलला सांगितलं. म्हणाली, दुकानात पाण्याच्या जळक्या मोटारींची रांग लागलीय, लोकांचे ऊस वाळाय लागल्यात, ते बगा आधी. बायको चांगली आहे, पण विचारांच्या फील्डमधली नाही. मोटारी काय, जाफरभाई भरतात. उंब्रजला जळक्या मोटारींत नवी तार भरायचं, रिवाइंडिंगचं दुकान टाकलं तेव्हाच ठरलंय, वाइंडिंग त्यांनी भरायचं आणि गिऱ्हाइकाशी मी बोलायचं.

१३ जानेवारी
इथं कोण वाचतंय, खरं लिहितो. मला टाळ्या नकोत. फोटो नको. (एखादा चालेल.) मला पहिल्या रांगेत सासरे पाहिजेत.

आबा. आकाराम इंगळे, रिटायर्ड सुभेदार, मुक्काम औंध. लग्नाला चौदा वर्षं झाली, या माणसानं चारचौघांत एकदा म्हणून 'हे आमचे जावई' म्हटलेलं नाही. यमाईची जत्रा असो, कुणाचा साखरपुडा असो, ओळख ठरलेली. हे मंगलचे मालक, मोटारी भरतात. त्या पण मी भरत नाही, ते जाऊ दे. थोरला जावई फौजेत आहे, त्याचं नाव मात्र पोस्टिंगसकट सांगतात. आता बास. भाषण संपलं की आबांनी शेजारच्या माणसाला सांगितलं पाहिजे, हे आमचे जावई. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

१४ जानेवारी, संक्रांत
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून माळावर आवाजाची प्रॅक्टिस. आज सगळं गाव गोड बोला म्हणत हिंडतंय, मोजकं बोला असं एकानंही म्हटलं नाही. म्हणजे माझा विचार शंभर टक्के नवा आहे.

१५ जानेवारी, सकाळी साडेआठ
उठलो. पहाटे फार गार होतं. गारठ्यात घसा बसतो, वक्त्याला ते परवडत नाही.

२० जानेवारी
पहिली रिहर्सल, दुकानात. श्रोते जाफरभाई. त्यांच्या दोन्ही हातात तार होती, त्यामुळे उठून जाता येईना. भाषण पाऊण तास चाललं. संपल्यावर म्हणाले, पृथ्वीराज, लय भारी झालं, पर तुज्या नादात माजं वेढं मोजायचं चुकलं, आता सगळी मोटार उकलायला लागणार. वीस वर्षं मुरलेला कारागीर भान हरपून ऐकतो, ही काही लहान गोष्ट नाही.

ज्याची मोटार होती तो बाहेर ओरडत होता. टीकाकार असायचेच.

२१ जानेवारी
काटछाट. दोन उदाहरणं काढून टाकली. का काढली ते श्रोत्यांना सांगायला हवं, म्हणून प्रस्तावना वाढवली. आता बावन्न मिनिटं. भाषणाला खोली आली.

२५ जानेवारी, रविवार
सांगलीत ट्रेनिंग होतं. बघून जरा दचकलो. समई नाही, हार नाही, शाल-श्रीफळ नाही, पोडियम नाही. गोल लाल गालिचा, त्यावर एकट्यानं उभं राहायचं. माईक कानाला अडकवलेला. पायाशी स्क्रीन, त्यावर उलटं घड्याळ पळतंय. मिरजेच्या नौशीन मॅडम जनावरांच्या डॉक्टर आहेत, त्या गाईच्या पोटातल्या प्लॅस्टिकवर बोलल्या. जतकडचे बिराप्पा सर मुलींना कबड्डी शिकवतात. दोघांचंही बारा मिनिटांच्या आत संपलं. वाईट वाटलं. मटेरियल कमी पडलं असणार.

संयोगिता मॅडमनी एक नियम मला दोनदा सांगितला. सुरुवातीला मान्यवरांची नावं घ्यायची नाहीत, डायरेक्ट विषयावर यायचं. मी हो म्हणालो. पुण्यात शिकून आलेली पोरगी, तिला काय माहीत. आमच्या वाडीत आभार मानताना एकाचं नाव राहिलं होतं, त्या वर्षापासून दोन गणपती बसतात.

२८ जानेवारी
नवीन अडचण. कानातल्या माईकमुळे हात रिकामे राहतात. रिकाम्या हातांनी मला सुचत नाही. माईक धरायची सवय, म्हणून लाटणं धरून प्रॅक्टिस केली, चांगली रंगली. मंगल म्हणाली, चपात्या कशानं लाटू, बोटानं? उपाशी झोपायची वेळ आली होती. संकल्प : उद्यापासून लाटण्याऐवजी पाइपचा तुकडा.

१ फेब्रुवारी
औंधला जाऊन आबांना निमंत्रण दिलं. म्हणाले, बारा मिन्टांसाटी सांगली? मी विषय सांगितला. आबा म्हणाले, मोजकं, आन् तुमी? शेवटी म्हणाले, नावबिव घेनार असला तर फेटा बांधून येतो. मी म्हणालो, आबा, तुमचं नाही घ्यायचं तर कुणाचं घ्यायचं! सासूबाईंनी लगेच पेटीतून फेटा काढून उन्हात टाकला. मला भरून आलं.

५ फेब्रुवारी
स्टँडजवळ फ्लेक्स लावला. माझा फोटो, वर 'युवा विचारवंत'. जाफरभाईंनी विचारलं, युवा म्हंजे किती वयापतूर? मी त्यांना शिडी नीट धरायला सांगितलं.

वाडीतनं दोन गाड्या भरून लोक येणार. एक सरपंचांची, एक माजी सरपंचांची. एकाच गाडीत दोघं बसत नाहीत.

पक्कं ठरवलंय. मॅडमचा नियम मोडायचा, पण एकाच नावापुरता. फक्त आबा.

६ फेब्रुवारी
एकट्या आबांचं घेतलं तर सरपंच म्हणतील, सासऱ्याचं कौतुक चाललंय. म्हणून सरपंच. सरपंचांचं घेतलं तर माजी सरपंच आलेच. त्या दोघांच्या भांडणात सोसायटीचे चेअरमन कायम मध्ये पडतात, त्यांना वगळणं बरं दिसत नाही. तर चार नावं. बारा मिनिटांत चार नावं म्हणजे चहात साखर.

७ फेब्रुवारी
मंगल म्हणाली, कायबी बोला, पर आबांचं नाव पयलं घ्या. तिला समजावलं. पाहुण्यांना आधी मान, घरचं माणूस शेवटी, ही आपली पद्धत. आबा तर त्या बाबतीत फारच कडक. शेवटी घेतलं की उठून पण दिसतं. ती म्हणाली, तुमची मर्जी.

तयारी पूर्ण. कपडे इस्त्री. बावन्न मिनिटांचं आता एकोणपन्नासवर आणलंय. बाकीचं स्टेजवर आपोआप कमी होईल.

८ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी घरी
ऐतिहासिक दिवस. क्रमानं लिहितो.

आबा पहिल्या रांगेत. गुलाबी फेटा, छातीवर मेडल. मागे वाडी. दोन गाड्यांतली माणसं, मध्ये दोन रिकाम्या रांगा. गालिच्यावर गेलो. घड्याळ सुरू. म्हणालो, नमस्कार, आज मी मोजक्या शब्दांत बोलणार आहे. टाळ्या! त्यानंतर सरपंचांचं नाव घेतलं, माजी सरपंचांचं घेतलं, चेअरमनांचं घेतलं. आता आबा, म्हणून तोंड उघडलं तर मागून दूधसंस्थेच्या चेअरमननी हात वर केला. त्या हाताकडे कसं दुर्लक्ष करणार? रोज त्यांच्याकडेच दूध घालतो. त्यांचं घेतलं तर व्हाइस चेअरमन उभेच राहिले. मग तंटामुक्तीचे अध्यक्ष, पोलिस पाटील, भजनी मंडळ, तालमीचे वस्ताद. हॉल सांगलीकरांचा, मग सांगलीकरांनी काय घोडं मारलंय? आबांना शेवटी ठेवून पहिल्या पाच रांगांना नावं विचारून विचारून घेतली. लोक काय खूश झाले! एक मावशी म्हणाल्या, माज्या जावेचं बी घ्या, ती घरी हाय. तिचंही घेतलं.

घड्याळ लाल झालं. संयोगिता मॅडम पडद्याआडून दोन्ही हात हलवत होत्या. मला वाटलं त्यांचंही नाव घ्यायचं राहिलंय, म्हणून घेतलं. मग कानातला माईक बंद पडला. माझा आवाज माईकच्या भरवशावर नाही. आणखी चहावाले, साउंडवाले आणि आमचे जाफरभाई एवढे उरकले. त्यानंतर दिवे बंद झाले. अंधारात जोरात म्हणालो, तर मित्रहो, मोजकं बोला, धन्यवाद. प्रचंड टाळ्या, शिट्ट्या, सगळा हॉल उभा राहिला. जेवणाची वेळ झाली होती हा योगायोग.

दिवे आले तेव्हा पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती.

राहिलं. आबांचं राहिलं. सगळ्या हॉलमध्ये एकच नाव राहिलं. बिराप्पा सर म्हणाले, फेटेवाले आजोबा फेटा सोडून काखेत मारून जेवायच्या आधीच गेले. गुलाबजाम होता, गिळवेना. दोन खाल्ले.

९ फेब्रुवारी
आबा फोन उचलत नाहीत. मंगल दिवसभरात 'हं', 'जेवा' आणि 'सरका' एवढंच बोलली. माझ्या विषयाचा परिणाम घरापासून सुरू झाला म्हणायचा.

१० फेब्रुवारी
मंगल एक वाक्य बोलली. म्हणाली, म्हाताऱ्यानं रात्रभर मेडल घासलं हुतं. त्यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. संकल्प : औंधला जाऊन पाय धरायचे. उद्याच.

११ फेब्रुवारी
उद्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार
व्हिडिओ आला! सगळ्या वक्त्यांचे एकदम टाकलेत. नौशीन मॅडमचा अकरा मिनिटांचा, बिराप्पा सरांचा दहाचा. माझा चौदा सेकंदांचा. मॅडमनी सगळी नावं कापली. उरलं ते असं : नमस्कार, आज मी मोजक्या शब्दांत बोलणार आहे, तर मित्रहो, मोजकं बोला, धन्यवाद. शेवटचं अंधारात.

सकाळी जीव गेल्यासारखं झालं होतं. दुपारी कमेंट वाचल्या. लोक म्हणतात, जे बोलला ते करून दाखवलं. एकानं लिहिलंय, अंधाराचा वापर थरारक. सगळ्यात जास्त बघितलेला व्हिडिओ माझा! मला पहिल्यापासून वाटत होतं की बाकीचं अनावश्यक आहे.

१५ फेब्रुवारी
दुकानावर मोर्चा. सरपंच आणि माजी सरपंच एका गाडीतून आले. वाडीत असं कधी झालं नव्हतं. दोघांनी पाहुण्यांना फोन करून सांगितलं होतं, व्हिडिओत आमचं नाव ऐका. पाहुण्यांनी चौदा सेकंद चार-चार वेळा ऐकले आणि उलट फोन केले. माजी सरपंच म्हणाले, गड्या, आमची लय शोभा केलीस. सरपंच म्हणाले, व्हय. मी म्हणालो, मी घेतली होती, मॅडमनी कापली. ते म्हणाले, पुरावा दाव. तोपर्यंत जाफरभाईंनी त्यांना चहा पाजला. नाव त्यांचंही कापलं गेलं होतं, पण त्यांना पोट धरून हसू येत होतं.

वाडीत यंदा एकच गणपती बसणार असं ऐकतो. वर्गणी मागायला माझ्याकडं येणार नाहीत असंही ऐकतो.

१७ फेब्रुवारी
आबांचा फोन! आपण होऊन. सुट्टीवर आलेल्या थोरल्या जावयानं त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. म्हणाले, ह्यात तर कुनाचंच नाव न्हाई. मी म्हणालो, मॅडमनी कापली. म्हणाले, सरपंचाचं बी न्हाई? मी म्हणालो, नाही आबा. म्हणाले, मग काय हरकत न्हाई. रविवारी औंधला या, काम हाय.

मी मंगलला मिठी मारायला गेलो, ती म्हणाली, सरका. पण हसली.

२२ फेब्रुवारी, रविवार
औंधहून आत्ताच आलो.

आबांना पंचाहत्तर पूर्ण होतायत, अमृतमहोत्सव ठेवलाय. पुढच्या महिन्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला मांडव. पाहुणे, फौजेतले दोस्त, सगळी भावकी. सूत्रसंचालन मी करायचं! आबा स्वतः म्हणाले, माधवनगरला बगितलं न्हवं, इतकी नावं एका दमात घेणारा मानूस आख्ख्या जिल्ह्यात न्हाई. चौदा वर्षांतलं पहिलं कौतुक. डोळ्यात पाणी आलं. म्हणालो, आबा, सुरुवातीला एक विचार मांडतो. म्हणाले, विचार नगं. नुस्ती नावं घ्या. माझं पयलं, मग बाकीची.

म्हणालो, चालेल. मग विचारूनच टाकलं. आबा, सगळ्यांची नावं मी घेणार. पण त्या दिवशी चारचौघांत तुमचे जावई म्हणून माझं नाव कोण घेणार? आबा म्हणाले, माईक तुमच्याच हातात हाय की. तुमचं तुमीच घ्या.

घेणार आहे. घरचं माणूस, म्हणून सगळ्यात शेवटी. वेळ उरला तर.