लाल नावाचा दगड

आठवा महिना, द्वितीया
कोपऱ्याच्या एका दगडाची खरी किंमत: दोन पोती तांदूळ, एक बैल आणि सुकेजो मुकादमाची करंगळी. तरी कुरोसेचा किल्ला मला आवडला. चिखल तुडवणारं पोर होतो मी, आज तटाचा मिस्त्री आहे. हातोडीच्या आवाजावरून दगडाचं पोट ओळखतो. मुदपाकखान्यातली ओकिसा विधवा आहे, पण जीभ तिखट. पेज वाढताना म्हणाली, दगडाचं पोट कळतं, मग स्वतःचं भरलं की नाही ते कळत नाही का? तट उभा राहिला की हिला लग्नाचं विचारणार.

पंचमी
शत्रू नदीपलीकडे येऊन ठेपला. खाण लांब. किल्लेदारांचा हुकूम झाला, देवळामागच्या थडग्यांचे दगड आणा. सुकेजो कुरकुरला: कित्येकांवर लाल नावं आहेत. लाल म्हणजे नवऱ्याच्या दगडावर जागा राखून ठेवलेली जिवंत बायको. ती गेली की रंग खरवडतात. मी म्हटलं, बायकांना फुकटात किल्ल्यात घर मिळालं! सगळे हसले. मी बसवलेला दगड आजवर कुणाला हलवता आलेला नाही.

अष्टमी
दुसरा थर चढला. गावातल्या दोन विधवा गेल्या. जखम नाही, बरगड्या मात्र चेपलेल्या. ओकिसाला दम लागतो. म्हणते, छातीवर कुणी बसलंय. नवऱ्याचा दगड कुठे, विचारलं. हसायला गेली, खोकली. म्हणाली, तुमच्याच तटात, मिस्त्री. लग्नाआधीच घरात घेतलंत.

नवमी
तळाच्या दगडांवर हातोडी मारत गेलो. एक दगड खणखणला नाही. खोकला. तिचाच खोकला. तो दगड काढू द्या म्हणून किल्लेदारांच्या पाया पडलो. म्हणाले, आज तिसरा थर, नाहीतर तुझं मुंडकं.

नवमी, दुपार
थर चढतोय. थांबा म्हणून ओरडलो — दोरखंड ओढणारे ऐकत नाहीत — प्रत्येक दगडासरशी आतून कण्हणं —

पहार घातली. हलेना. सुकेजोनं जोर लावला, पहार वाकली. माझाच दगड, मलाच —

छिन्नीनं लाल नाव खरवडलं. नावच उरलं नाही तर भार पडेल कुणावर? शेवटची रेघ गेली आणि कण्हणं थांबलं. सुटली! सुकेजो माझ्याकडे बघतोय.

मुदपाकखान्यात बायका रडतायत. रंग कधी खरवडतात, मला ठाऊक होतं, मला —