मोहाखाली अंथरलेली साडी

मु. सिहोरा,
चैत्र महिना

आदरणीय घनश्यामभाऊ,

इश्वरचा रामराम. तुमची कंबर आता कशी आहे? वहिनीले नमस्कार. इकडं सारं ठीक आहे, फक्त तुमची बहीण शकुंतला तिकडं दिघोरीले आहे अन् चूल इकडं माझ्या गळ्यात आहे. फोन केला का तीच उचलते अन् माझा आवाज ऐकून फोन कापते, म्हणून पत्र लिहून राहिलो. तिनं तिची बाजू सांगितलीच असंल. आता माझी ऐका.

मोहफुलं वेचाच्या दिवसात आमच्याकडं झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. फुलं दिसतात बरोबर, पण आग कोणाच्या बापाचं ऐकत नाही. मागच्या साली निम्मी टेकडी काळी झाली, अन् मोहाचं नवं रोपटं तर पाहाले मिळत नाही. म्हणून वनसमितीचा अध्यक्ष या नात्यानं (नातं कायचं, दुसरं कोणी उभंच झालं नाही) मी सभेत सांगितलं का, जाळू नका, जुनी साडी अंथरा, फुलं तिच्यावरच पडतील. गोमाजी म्हणे, "पहिले तू अंथर ना बाप्पा!" तोंड माझं, पण संकट आलं शकुंतलाच्या पेटीवर.

पेटीच्या तळाशी, पेपरात गुंडाळलेली एक हिरवी साडी सापडली. आता भाऊ, तुम्हीच सांगा, चांगली वस्तू कोणी तळाशी दाबून ठेवते का? मी जुनीच समजलो. ती तुम्ही भाऊबीजेले दिलेली अन् एकदाही न नेसलेली, हे मले मागून समजलं, तेही साऱ्या टोलीसमोर, वस्तीतल्या लहानथोरांसमोर. सकाळी जाऊन पाहतो तर साडीवर रानडुकरांची पंगत बसलेली! मी ओरडलो. सारी पळाली, पण एकाच्या सुळ्यात पदर अडकला, ते साडीसकट जंगलात गेलं. तेव्हापासून शेजारची चंद्रभागाबाई जो भेटेल त्याले सांगते का, इश्वरनं डुकराले साडी नेसवली. शकुंतला त्याच दिवशी पिशवी भरून निघाली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, खरं सांगतो.

तरी काम वाया गेलं नाही. हसता हसता चंद्रभागाबाईनंच आपलं फाटकं लुगडं अंथरलं अन् डुकरं येवाच्या अगोदर, उजाडता उजाडता फुलं उचलून आणली. राख नाही, माती नाही. तिचं पाहून सारी टोली अंथरून राहिली. यंदा टेकडीले कोणी काडी लावली नाही.

तुमचा,
इश्वर

ता. क. साऱ्या टोलीत एकच झाड उघडं आहे, अध्यक्षाचं. पेटीले आता कुलूप आहे अन् चाबी शकुंतलाच्या कमरेले. माझं धोतर अंथरलं तर मी नेसू काय? फुलं मातीत सडून राहिली, अन् विडीसाठी काडीपेटी काढली तरी गोमाजी मागं मागं येते. तेवढी चाबी पाठवून द्या.

आणखी एक. पाकीट चिकटवत होतो, पुन्हा उघडलं. घर खाले उठते, भाऊ. चाबी पाठवू नका, तिलेच पाठवा.