हातगाडीचा दांडा

सिस्टर, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी वेदीवरच्या त्या कापडाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. सातवीच्या शिवणवर्गात मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "सिस्टर, कापड आखूड होतंय." तुम्ही मला उद्धट म्हणालात, तासभर व्हरांड्यात उभं केलंत. कापड आखूडच झालं. तुम्ही मुकाट्याने कडेला लेस जोडलीत आणि उरलेली लेस दुसऱ्या दिवशी माझ्या डेस्कमध्ये ठेवलीत. चुकलं, एवढा एक शब्द मात्र नाही. ती लेस मी कचऱ्यात टाकली.

आता मी जपानात, सेंदाईला मुलाकडे असते. नातीच्या मैत्रिणीच्या चर्चमधली मंडळी डोंगरातल्या पायी सहलीसाठी लाकडी हातगाडी बनवत होती. जुन्या काळी लोक संसार असा ओढत नेत, ते मुलींना कळावं म्हणून. सभागृहात सगळे बूट काढून मोज्यांवर काम करतायत. गाडीचा सांगाडा दोन उंच स्टुलांवर, चाकं अजून भिंतीला टेकलेली. ओढायचा दांडा नातीच्या हनुवटीला येतोय. मी म्हाताऱ्या सुतारांना म्हटलं, "दांडा खाली घ्या." नातीने ते जपानीत सांगितलं. त्यांनी दातांतून हवा आत ओढली, चाकांकडे पाहिलं आणि मान झुकवली.

"आजी, त्यांना पटलेलं नाहीये."

"मग तसं सांगावं. तोंड दिलंय ना देवाने?"

"तू पाहुणी, त्यात वयाने मोठी. नाही कसं म्हणतील?"

त्यांनी दांडा खाली घेतला. पुढच्या रविवारी चाकं लागली. चाकांपेक्षा स्टुलं बरीच उंच होती, हे तेव्हा मला दिसलं. दांडा नातीच्या गुडघ्यांच्या जरा वर. कमरेत वाकून तिने अंगणात एक फेरी मारली. "मुरी, आजी! नाही जमत, पाठ मोडली!" सगळे जमिनीकडे पाहत उभे. सुतारांनी वाकून माझीच माफी मागितली आणि संध्याकाळपर्यंत नवा दांडा वर बसवला. मला त्यांचा रागच आला. माफीचं माझं वाक्य त्यांनीच म्हणून टाकलं होतं.

काल मी शंकरपाळे तळले. सुतारांसाठी डबा नातीच्या हातात दिला.

"काय सांगू त्यांना?"

"काही नको. नुसता दे."

हे पत्र तसं कुणाच्या हाती देता येणार नाही. तुमची खोली आमच्या वर्गाला लागूनच होती, तरी चुकलं म्हणायला तुम्ही आला नाहीत, हे मी इतकी वर्षं तुमच्याविरुद्ध धरलं. सिस्टर, चर्च आमच्या इमारतीपासून चार मिनिटांवर आहे.