तुझा सोमवारचा उपास

प्रिय माय,

आज सोमवार. सकाळी सवयीनं पिशवी घेतली आणि मोताळ्याच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो. बुलढाण्याची गाडी लागली. कंडक्टर ओळखीचा. म्हणाला, "काय पास्टरसाहेब, जानेफळले ना? मायले भेटाले?" तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, तू आता नाहीस! गाडी सोडली आणि घरी परत आलो. दिवसभर काही सुचलं नाही, म्हणून आता लिहायला बसलोय. तुला अक्षरओळख नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण सोमवारी तुझ्याशी बोलल्याशिवाय माझा दिवस जात नाही, त्याला मी काय करू?

आपल्या भेटीचा वारही काय वार होता! गावातल्या सगळ्या नोकरदार पोरांना रविवारी सुट्टी, आणि पाळकाला रविवारीच काम. म्हणून मी सोमवारी यायचो. आणि सोमवारी तुझा उपास! भाकर, भरीत, ठेचा, सगळं माझ्या आवडीचं करायचीस आणि मी जेवताना समोर बसून बघायचीस. दिवेलागणीला तू उपास सोडायचीस, तोवर माझी गाडी चिखलीच्या पुढे गेलेली असायची.

जेवणाआधी मी डोळे मिटून देवाचे उपकार मानायला लागलो की तुझं सुरू व्हायचं. "सयपाक म्या केला न् आभार त्याचे? माह्या वाट्याले काहीच नाही काय?" मी हसायचो. हा किस्सा उपदेशात सांगून मंडळीलाही हसवायचो. पण "माय, भाकर मस्त झाली" एवढं म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही.

मी प्रभूच्या मार्गाला लागलो तेव्हा लोकांनी तुला काय काय ऐकवलं! तू मात्र मला एकच अट घातलीस. "देव तुहा तू पाहून घे. नाव म्या ठेवलं हाय, ते बदलू नको." म्हणून मी आजही पास्टर गजानन आहे. बाहेरगावचे पाळक माझं नाव दोनदा विचारून घेतात. मला त्याची गंमत वाटते.

तुझ्या दहाव्याला नदीवर आलो तो लवकर निघायचं ठरवूनच. आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी बजावलं होतं, "तिथलं अन्न तोंडात घालू नका, पास्टर. लोक तुमच्याकडं बघतात." मी बरं म्हणून आलो होतो.

पिंड ठेवला. कावळा बाभळीवर येऊन बसला, तो बसूनच राहिला. तुझ्या थोरल्यानं, रामभाऊनं, हात जोडून सांगितलं, तुझी गाय विकणार नाही. वहिनीनं सांगितलं, नातीचं शिक्षण थांबवणार नाही. कावळा ढिम्म! मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"याचं कायले ऐकते कावळा? याचा देवच अलग हाय," मामा म्हणाले.

रामभाऊ गर्रकन वळला. "मामा, माय त आमची एकच होती ना?"

मी पुढे झालो, हात जोडले, आणि तोंडून शब्द फुटेना. किती मयतींत बोललोय मी! माईक नसला तरी बोललोय. पण माझ्याकडून तुला काय हवं होतं, हेच मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. माझा त्या कावळ्यावर विश्वास नाही, माय. पण तुझा होता, आणि तुझ्यापुढे काहीतरी ठोकून द्यायला मन धजेना.

रामभाऊ माझ्या कानाशी आला. "तिले तुह्यासंग जेवाचं होतं बे," तो म्हणाला. "सोमवार तिनं तुह्यासाठीच धरला होता, तू घर सोडलं तवापासून. तू आला का तुह्यापुढं उपाशी बसे, गेला का रडे. मंगळवारी काऊन नाही आला तू कधी?"

का नाही बोललीस गं? एक दिवस मोडला असतास उपास! रागावला असता का कुणी, तुझा देव काय आणि माझा काय? आणि मी तरी कसला! महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीला प्रभुभोजन देतो, भाकर मोडतो, सांगतो की आपण सगळे एका भाकरीचे वाटेकरी. आणि दुसऱ्या दिवशी जन्मदात्या आईसमोर एकटा जेवून यायचो. मंगळवार काही लांब नव्हता, माय. मला सुचलाच नाही.

मी नदीकडे तोंड करून म्हणालो, "माय, आज सगळ्यांसोबत घरी जेवून जातो." एवढंच सुचलं. कावळा शिवला. माझ्या बोलण्यानं शिवला असं मी म्हणणार नाही. ऊन वर आलं होतं, त्यालाही भूक लागली असेल. पण वहिनीनं डोळ्यांना पदर लावला, आणि पंगतीत मामांनी सरकून मला जागा करून दिली.

घास तोंडात नुसता फिरत होता. दुसऱ्यांना धीर देणारा, पुनरुत्थानाची आशा सांगणारा माणूस मी, तुझ्या घरात पत्रावळीसमोर लहान पोरासारखा हमसून रडलो. सगळं तुझ्या हातचं असायला हवं होतं, आणि तू शेजारी.

तिथं जेवल्याचं मी त्या वडीलधाऱ्यांना स्वतः सांगितलं. काल ते उपासनेला आले, पण पहिलं बाक सोडून अगदी मागे बसले. बसू देत. मी जाईन त्यांच्याकडेही.

तेरवी उरकल्यावर रामभाऊ मला मोटारसायकलवर स्टँडवर सोडायला आला. मी गाडीत चढताना तो मागून म्हणाला, "आता माय नाही. तू येशील काय गजू?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या गर्दीनं मला आत ढकललं. त्याला उत्तर मिळालंच नाही. नंतर फोन करता आला असता. पण तोंडदेखलं हो तर मी तुलाही कितीदा म्हटलं होतं! पुढच्या खेपेला मुक्काम करतो, माय. नक्की करतो. केला का कधी?

म्हणून आधी तुला शब्द देतो. उद्या मंगळवार आहे, आणि मी जातोय. रामभाऊला कळवलेलं नाही. कळवलं तर वहिनी उगाच घाट घालत बसेल. जे असेल ते त्याच्यासोबत खाईन, रात्री तिथंच राहीन. मग पुढच्या मंगळवारी पुन्हा. आपल्या घरात मी आता एकटा जेवणार नाही.

तुला मात्र माझं एक ऐकावं लागेल. बाहेर दिवे लागलेत. माझ्यासाठी धरलेला उपास आता सोड, माय. जेवून घे.

तुझा,
गजू