आजींनी मागितलेलं स्तोत्र

मेट्रनबाई, तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, आणि मी अजून तुमचा ओरडा खातेच आहे. मिशनच्या इस्पितळात मी नवखी होते. ऑपरेशन होऊन आलेल्या एका बाईच्या खाटेशी डोळे मिटून प्रार्थना करत उभी राहिले, आणि इकडे सलाईनची बाटली संपून नळीत रक्त चढलं. तुम्ही वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "पोरी, तुझी प्रार्थना देवानं ऐकली असेल, पण बाटली तुला बदलायची होती." तेव्हापासून मी उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करते, तीही हाताला काम असतानाच. चर्चमध्ये पाळकसाहेब बायबलातल्या मार्था आणि मरीया या बहिणींवर बोलायला लागले की मी मनातून मार्थेच्या बाजूची. प्रभू घरी आल्यावर मार्था एकटी राबते, मरीया त्याच्या पायाशी नुसती बसून राहते आणि शाबासकीही तिलाच, हे मला कधी पटलं नाही.

हीच सवय घेऊन मी इथे इस्राएलात, रामल्याला आले. तरुणपणी मुंबईहून आलेल्या एका बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू, आजींना सांभाळायचं काम होतं. त्यांची मुलं हिब्रूतच बोलायची, म्हणून मराठीसाठी आजींना मीच. शनिवारी त्यांचा शब्बाथ, कामाला हात न लावायचा दिवस, पण माझा हात तेव्हाही थांबत नसे. "बस गो जरा," त्या म्हणायच्या. "देवानंपण एक दिवस रेस्ट घेतली. तू काय त्याच्याहून मोठी?" मी हसायचे आणि ओटा पुसत राहायचे.

असाच एक शनिवार. आजींना तीन दिवस ताप होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती, मुलगा पेताह तिक्वाहून निघाला होता. घामानं चादर भिजलेली. आजींनी माझं मनगट धरलं. "ते मेंढपाळाचं स्तोत्र म्हण गो. मराठीतून, माझी आई म्हणायची तसं." ते स्तोत्र त्यांचंही आणि आपलंही, मला तोंडपाठ. मी म्हटलं, "आजी, पाचच मिनिटं. कोरडी चादर घालते आणि बसतेच." गॅलरीतल्या दोरीवरून चादर काढली. मग टॉवेल काढले, गाऊन काढले, आणि उभ्याउभ्या सगळ्यांच्या घड्या घातल्या. ढीग घेऊन आत आले तेव्हा आजी गेल्या होत्या.

मुलानं दारातच विचारलं, शेवटी आईजवळ कोण होतं. मी म्हणाले, "मी होते. स्तोत्र म्हणत होते." माझे दोन्ही हात धरून "तोदा, तोदा" असे हिब्रूतून आभार मानत तो रडला. त्याला खरं मी अजून सांगितलेलं नाही.

पुष्कळ दिवस मी याचा दोष तुमच्यावर ढकलला. मग त्याच बाटलीच्या आठवड्यातली एक दुपार आठवली. जळून आलेली एक बाई आहे, वाचणार नाही. तुम्ही तिच्या खाटेशी स्टुलावर बसला आहात, काहीही करत नाही. डॉक्टर हाका मारतायत, तुम्ही उठत नाही. मला वाटलं, बाई दमल्या. ओरडा तेवढा मी जन्मभर लक्षात ठेवला, तुमचं ते बसणं विसरले. फार लाज वाटते, बाई. तुम्ही असतात तरी हे पत्र पाठवायचा धीर मला झाला नसता.

सुतकाच्या सात दिवसांत मुलानं मला तेच स्तोत्र सगळ्यांसमोर म्हणायला सांगितलं. मराठी जाणणाऱ्या चार म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी खुर्चीत बसले आणि सबंध म्हटलं, सावकाश, एकही शब्द न चुकता. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.